लांबनाकीची डावी सीट

माझी आत्या आयुष्यभर गाडीत डावीकडे बसली. गाडी तिची, पेट्रोल तिचं, दारावर पाटी तिच्या क्लासची, आणि स्टिअरिंगवर मात्र कायम दुसरंच कुणीतरी, घामाघूम झालेलं, रिव्हर्स कुठं असतो ते विसरलेलं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईचं आयुष्य असंच असतं. तिच्या पायाशी जादाचा ब्रेक होता आणि त्या ब्रेकच्या जोरावर आपण निम्मं शहर जिवंत ठेवलं, असं ती सांगायची. लोक तिला ब्रेकबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे कुजबुजलेलं तिला अजिबात खपायचं नाही.

गोड बोलणं तिला जमलं नाही. "अहो, तो आरसा भांग पाडायला नाही दिलेला." "क्लच आहे तो, झुरळ नाही, असा चिरडू नका." डॉक्टर, वकील, नवी नवरी, कुणाचाही मुलाहिजा नाही. आणि तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण आत्याकडे शिकलेला माणूस पुढं कुठंही गाडी घालायला कचरत नसे. तिच्यापुढं बसून झालं की रस्त्यावरचे ट्रक अगदीच मवाळ वाटायचे.

एक सवय मात्र तिला सुटली नाही. आमच्या सोफ्यावर बसून ती टीव्ही बघायची आणि पडद्यावरच्या गाडीनं जोरात वळण घेतलं की तिचा उजवा पाय खाडकन फरशीवर आपटायचा. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा भांडायला वर आले होते. आत्यानं त्यांनाही गाडी शिकायचा सल्ला दिला.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तेही डावीकडेच बसायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. ते तरुणपणी फिटर होते आणि त्या काळी इथल्या एका धनिकानं हौसेपोटी ब्रिटनमधून शर्यतीच्या तीन गाड्या मागवल्या होत्या. एका लहानशा ब्रिटिश कारखान्यानं अशा मोजक्याच गाड्या केल्या आणि मग तो कारखानाच बुडाला. लांबलचक बॉनेट, वर छत नाही, आत दोन सीटा. आप्पा त्यांना लांबनाकी म्हणायचे. उजव्या सीटवर ड्रायव्हर. डाव्या सीटवर मिस्त्री, म्हणजे आप्पा. टाकी मागं आणि इंजिन पुढं, त्यामुळं पेट्रोल पुढं ढकलायला टाकीत हवेचा दाब लागायचा, आणि तो दाब डाव्या बाजूच्या हातपंपानं शर्यतभर मारत राहावा लागायचा. पंप थांबला की गाडी थांबली. त्या पंपानं आप्पांचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर चढला तो कायमचा. शर्ट शिवताना शिंपी वैतागायचा.

शर्यती जिंकल्या ड्रायव्हरनं. कप ड्रायव्हरला, टाळ्या ड्रायव्हरला. आमच्या घरी त्या दिवसांचा एकच फोटो आहे, त्यात ड्रायव्हर हसतोय आणि कडेला अर्धा खांदा दिसतोय. तो खांदा म्हणजे आप्पा.

त्याबद्दल आप्पांनी कधी तक्रार केली नाही. ते थापा मात्र भरपूर मारायचे. "भीती? ती कसली असते? वळण आलं की ड्रायव्हरची बोबडी वळायची आणि मी आपला गाणं गुणगुणत पंप मारायचो." ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की गाणं कुठलं तेही आम्हाला पाठ झालं होतं. आत्याला ते खरं वाटायचं. लहानपणापासून तिला कशाचीही भीती वाटली की ती स्वतःवरच चिडायची, फिटरची मुलगी असून घाबरते म्हणजे काय.

आप्पा गेले आणि थोड्याच दिवसांनी शहरात जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी एक प्रदर्शन भरवलं. आत्या मला घेऊन गेली. तिथं आमच्या घरी आहे तोच फोटो भिंतीएवढा मोठा करून लावला होता. ड्रायव्हर होता, गाडी होती, खांदा नव्हता. फोटो चौकटीत बसेना म्हणून कडेनं कापला होता.

"खांदा कुठं गेला?" आत्यानं विचारलं.

संयोजकांना काही कळेना. "कुठला खांदा, बाई?"

"माझ्या बापाचा."

बाजूला उभे असलेले कुणीतरी हसले. संयोजकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की एवढं मनाला लावून घेऊ नका, त्या तिन्ही गाड्याही कधीच भंगारात गेल्या. आत्या म्हणाली, "तुम्ही पाहिल्या जाताना?" त्यांनी पाहिल्या नव्हत्या. बस, तिथून जे तिच्या डोक्यानं घेतलं ते घेतलंच. घरी येऊन तिनं जाहीर करून टाकलं: तिन्ही गाड्या शोधायच्या, आणि एक जरी चालती सापडली तर तिच्या डाव्या सीटवर बसायचं आणि पंप मारायचा.

माझे बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते म्हणाले, "ताई, या वयात लोक गुडघ्यांचं औषध शोधतात."

"तू शोध गुडघे. मी गाड्या शोधते."

तिच्याकडे ना ओळखीपाळखीची मोठी माणसं होती, ना पुस्तकं. तिच्याकडे होते विद्यार्थी. दुधाचे टँकर, ॲम्ब्युलन्स, शाळेच्या बस, मालाचे ट्रक, सगळीकडे तिनं शिकवलेली माणसं स्टिअरिंगवर होती. प्रत्येकाला तिनं घरातला फोटो दाखवला आणि बजावलं, लांब नाक दिसलं की मला कळवायचं. मग काय विचारता. कुणी तिला आइस्क्रीमच्या जुन्या गाडीपुढं नेऊन उभं केलं, कुणी बागेतल्या मोडक्या बोटीपुढं. एकदा एका उत्साही टँकरवाल्यानं तिला भल्या पहाटे उठवून शेजारच्या गावात नेलं आणि तिथं निघाला एक तुटका रोडरोलर. आत्यानंही चुका केल्या. एका कबाडखान्यातलं बॉनेट तिनं छातीठोकपणे लांबनाकीचं म्हणून घरी आणलं, ते एका ट्रॅक्टरचं निघालं, आणि वर्षभर आमच्या गच्चीवर कुंड्या ठेवायच्या कामी आलं. बाबा रोज झाडांना पाणी घालताना त्याला "आप्पांची गाडी" म्हणायचे आणि आत्या रोज चिडायची.

पहिल्या गाडीचा पत्ता लागला तो असा की लागला नसता तर बरं. ती दरीत कोसळून मोडली होती आणि तिचा पुढचा ॲक्सल एका रंगवाल्याच्या हातगाडीला लावलेला होता. आत्यानं वाकून त्या हातगाडीचं चाक फिरवून बघितलं, मग रंगवाल्याला म्हणाली, "चाकाला ग्रीस घालत जा, किंचाळतंय बिचारं." दुसरी गाडी बोटीनं परत ब्रिटनला गेली होती. तिथल्या संग्रहालयानं मोठ्या अदबीनं तिला एक रंगीत फोटो पाठवला. गाडी चकचकीत होती आणि डाव्या सीटवर चपटं पत्र्याचं झाकण घातलेलं होतं, म्हणजे गाडी एकट्या माणसाची वाटावी आणि जास्त रुबाबदार दिसावी. आत्यानं फोटो उलटा करून कपाटाला चिकटवला. "तिथंही तेच," एवढंच म्हणाली.

तिसरी सापडली एका लाकडाच्या वखारीत. ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या एका विद्यार्थ्यानं वखारीतल्या एका जखमी माणसाला उचलताना पाहिली होती. आम्ही गेलो तेव्हा करवत जोरात चालू होती, आणि ती करवत चालवत होतं लांबनाकीचं इंजिन, जमिनीवर बोल्टांनी ठोकलेलं. बाकीची गाडी मागच्या शेडमध्ये गळ्यापर्यंत भुशात बुडाली होती. वखारवाले आपल्या टेबलामागं एका बुटक्या, गोल पाठीच्या, चामडं फाटलेल्या खुर्चीत बसले होते. आत्या गाडीकडे गेलीच नाही. ती खुर्चीकडे बघत राहिली.

"उठा," ती म्हणाली.

"का हो?"

"उठा म्हणते ना. माझ्या बापाच्या सीटवर बसलाय तुम्ही."

वखारवाले खरंच उठले. त्यांच्या वडिलांनी डावीकडची ती सीट गाडीतून काढून खुर्ची केली होती, बसायला भारी होती म्हणून. आत्या त्या सीटवर बसली आणि ढसाढसा रडली. तिला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि करवतीच्या आवाजात ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

गाडी विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. ती घेतली शोरूमवाल्यांनी. नव्या गाड्यांचं मोठं शोरूम, जुन्या गाड्यांची हौस, आणि मुख्य म्हणजे आत्याचे जुने विद्यार्थी. पहिल्या दिवशी चढावर गाडी मागं घरंगळली तेव्हा ते आत्याचा हात धरून डोळे मिटून बसले होते. ती गोष्ट आत्या चारचौघांत सांगायची आणि ते बिचारे हसून घ्यायचे. त्यांनी आत्याला शब्द दिला, "बाई, गाडी उभी राहिली की पहिल्या फेरीला डाव्या सीटवर तुम्ही. दुसरं कुणी नाही." वखारवाल्यांनी इंजिन दिलं, सांगाडा दिला. सीट दिली नाही. ती त्यांना सोडवेना, आणि शोरूमवाल्यांनीही ती मागितली नाही. त्याचा अर्थ तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही.

शोरूमवाल्यांच्या मिस्त्रींनी जीव ओतून काम केलं. गाडी उभी राहिली, हिरवीगार, आरशासारखी. तिच्यासाठी शोरूमवाल्यांनी जुन्या गाड्यांची मिरवणूक ठरवली, आणि मिरवणुकीच्या आदल्या दुपारी आम्ही ती बघायला गेलो, तर डाव्या बाजूला चपटं, पॉलिश केलेलं पत्र्याचं झाकण.

आत्यानं झाकणावर बोट वाजवलं. "हे काय?"

शोरूमवाले जरा चाचरले. "बाई, ब्रिटनच्या संग्रहालयात तशीच आहे ना. रूप बघा कसं खुललंय. आणि आता पंपाची गरजच नाही, आत विजेवर चालणारा छोटा पंप बसवलाय. परत तुमचं वय. उद्या पाहुणे येणार, काही झालं तर माझ्या जिवाला घोर."

"शब्द दिला होता."

"तुम्ही मागच्या गाडीत बसा ना. पाहुण्यांच्या शेजारी. एसी आहे."

मला वाटलं आता ती त्यांना फैलावर घेणार. पण ती अगदी हळू बोलली, आणि तिचं हळू बोलणं फार वाईट. "फोटोतून त्यांनी कापलं. आता गाडीतून तुम्ही कापताय. बरं." आणि ती निघाली. वाटेत मी म्हटलं, जाऊ दे ना आत्या, गाडी तर सापडली, चालती झाली, तुझ्यामुळं झाली. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी घाईघाईनं पुढच्या सिग्नलकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमपुढं गर्दी होती. आत अंगणात जुन्या गाड्यांची रांग, सगळ्यांच्या पुढं लांबनाकी. पाहुणे येऊन बसले होते. शोरूमवाल्यांनी चामड्याची टोपी घातली होती. फाटक उघडलं आणि नेमकी तेव्हाच आत्याची क्लासची गाडी, छपरावर "शिकाऊ" अशी लाल पाटी असलेली, फाटकात येऊन आडवी थांबली. स्टिअरिंगवर मी होते. आत्या नेहमीच्या जागी.

"बंद कर. किल्ली दे. उतर," ती म्हणाली. किल्ली पर्समध्ये गेली, पर्स मांडीवर. "सांग त्यांना, गाडी बंद पडलीय."

मी सांगितलं. शोरूमवाले हसले, म्हणाले ढकला बाजूला. त्यांची चार माणसं धावत आली आणि गाडीला खांदे लावले. गाडी तसूभर हलली नाही. पुन्हा जोर लावला. नाही. एकानं वाकून आत बघितलं तर आत्या डाव्या सीटवर ताठ बसलेली, आणि उजवा पाय तिच्या जादाच्या ब्रेकवर सगळ्या जोरानं रोवलेला.

"बाई, पाय काढा ना," तो काकुळतीनं म्हणाला.

"आयुष्यभर हेच काम केलंय. तू ढकल."

वाहतूक पोलीस आला. आत्यानं काच खाली केली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "इंडिकेटर देतोस का रे आता तरी?" तो लाजला. साहेबांना सांगायला जाऊन येतो म्हणाला आणि रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली जाऊन उभा राहिला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पाहुणे घड्याळ बघू लागले. बाबा गर्दीत मान खाली घालून उभे होते, कुणी ओळखू नये म्हणून. मलाही लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण तिचा तो पाय बघितला आणि माझी लाज पळाली. मी जाऊन गाडीच्या बॉनेटवर बसले.

शेवटी शोरूमवाले स्वतः आले, टोपी हातात घेऊन. "बाई, माझी अब्रू जाईल हो."

"जाऊ दे. मग कळेल कापलं की कसं वाटतं. पत्रा काढा."

"पत्रा काढला तरी खाली सीट नाही! बसणार कशावर?"

तेवढ्यात गर्दीतून वखारवाले वाट काढत पुढं आले. त्यांच्या डोक्यावर ती सीट होती. आत्यानं त्यांना आदल्या रात्रीच गाठलं होतं. "फक्त आजच्या दिवसासाठी हां," ते बजावत होते, "उद्या मला ऑफिसात बसायला लागते." लोक हसले, पाहुणेही हसले, आणि एकदा लोक हसले की शोरूमवाल्यांचं काय चालणार होतं. त्यांनी मिस्त्रींना खूण केली.

मिस्त्रींनी झाकण खोललं. खाली लांबनाकीच्या तळाची जुनीच लाकडी फळी होती, काळी पडलेली, फटींत अजून भुसा अडकलेला. मिस्त्री ओशाळले. "इथं काही केलं नाही, म्हटलं झाकायचंच आहे तर कशाला." हातपंपही जागेवरच होता, काढला असता तर डॅशबोर्ड चिरला असता म्हणून ठेवलेला. त्यांनी सीट बसवली आणि एक तोटी फिरवून पेट्रोल पुन्हा हातपंपावर घेतलं. "आता तुम्ही थांबलात की गाडी थांबली," ते आत्याला म्हणाले.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. तिनं मग कुठं ब्रेकवरचा पाय काढला.

लांबनाकी सुरू झाली तेव्हा काचा थरथरल्या. आत्या डाव्या हातानं पंप मारत होती, तोंड घट्ट मिटून. शोरूमवाल्यांची खरी परीक्षा वेगळीच होती. त्या गाडीत ॲक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे, आपल्या गाड्यांच्या बरोबर उलट. महिनाभर सराव केला होता त्यांनी, पण चौकातलं पहिलं वळण आलं, समोर माणसं दिसली, आणि त्यांनी जन्माच्या सवयीनं मधलं पेडल दाबलं. गाडी थांबायची ती उसळली. मी फुटपाथवरून पळत होते, माझी किंकाळी मलाच ऐकू आली. शोरूमवाल्यांचा पाय लगेच उजवीकडे गेला, गाडी सावरली, वळली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या एका क्षणात मी आत्याला पाहिलं होतं. तिचा उजवा पाय खाडकन खाली आपटला होता, आमच्या सोफ्यावर आपटायचा तसा. आणि मग तिनं मान खाली घालून पायांकडे बघितलं. हात पंपावर चालूच, मान खाली. उरलेली सगळी फेरी ती तशीच खाली बघत होती.

गाडी परत अंगणात आली. फोटोवाल्यांनी गराडा घातला. आत्यानं त्यांना हातानं बाजूला सारलं आणि मला हाक मारली. "इकडे ये. वाक. इथं हात घाल."

मी तिच्या पायाशी हात घातला. फळीत उजव्या बाजूला एक खळगा होता, टाचेएवढा. आत बारीक बारीक भोकं, बुटाला मारलेल्या खिळ्यांची. लाकूड तिथं इतकं झिजलं होतं की बोट बुडत होतं. तिथं ना ब्रेक होता, ना कसलं पेडल. नुसती फळी.

"पाय आपटला तो बरोब्बर यात बसला माझा," आत्या म्हणाली. ती हसत होती आणि डोळे वाहत होते. "गाणं म्हणे. गुणगुणायचे म्हणे. अगं, घाबरायचे ते! प्रत्येक वळणाला माझ्यासारखाच ब्रेक शोधायचे, नसलेला. किती दाबलाय बघ. खड्डा पाडलाय माणसानं."

बाबा कधी शेजारी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनीही वाकून हात घातला. बराच वेळ काढला नाही.

"घाबरायचे," आत्या पुन्हा म्हणाली, "आणि पुढच्या शर्यतीला परत जाऊन बसायचे. आणि मी येडी, जन्मभर स्वतःला रागावत राहिले."

शोरूमवाले पलीकडून उतरले होते. घाम पुसत, टोपी सावरत ते आमच्या बाजूला आले. पाहुण्यांना चहाला न्यायचं होतं, गाडी काचेच्या दालनात लावायची होती, वखारवाले सीटसाठी ताटकळले होते आणि मिस्त्री झाकण हातात धरून उभे होते.

"झालं ना बाई मनासारखं? चला, उतरा आता. झाकण बसवू दे त्यांना."

आत्यानं डोळे पुसले. मग तिनं ते झाकण मिस्त्रींच्या हातातून घेतलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि त्यावर दोन्ही कोपर टेकले.

"हे येतंय माझ्या घरी, कुंड्यांखाली ठेवायला," ती म्हणाली. "आणि तुम्ही बसा परत. वळणावर मधलं पेडल दाबलंत. असं कसं सोडीन मी तुम्हाला? बसा. पुन्हा एक फेरी."

शोरूमवाल्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही. ते मुकाट्यानं वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि चढून बसले. आत्यानं टाच त्या खळग्यात नीट बसवली आणि पंप मारायला लागली.